घरच्या घरी जिओकॉइन ओतायचं कसं (साताऱ्यातल्या गच्चीवरचा अनुभव, नवीन लोकांसाठी)

मंडळी, हे लिहायला बसलोय कारण मी सुरू केलं तेव्हा सगळी माहिती तुकड्या-तुकड्यात मिळाली, कोण म्हणतं पितळ ओता, कोण म्हणतं साधं प्लास्टर चालतं, आणि आपल्याकडच्या हवेचं, आपल्याकडे मिळणाऱ्या सामानाचं कोणी काही सांगतच नव्हतं, त्यामुळे दोन वर्षं धक्के खात शिकलो. तुमचे तेवढे धक्के वाचले तरी बास.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे २००० ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे कोऑर्डिनेट्स जगाला सांगितले, तिथून जिओकॅशिंग सुरू झालं. डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, आतली एखादी वस्तू घ्यायची आणि तोडीस तोड वस्तू ठेवायची. मग २००१ मध्ये जॉन स्टॅन्लीने स्वतःच्या नावाची नाणी पाडून घेऊन डब्यात ठेवली, तेच पहिलं जिओकॉइन. विकत मिळणारी कॉइन्स डाय मारून बनतात, म्हणजे टांकसाळीतल्या नाण्यासारखी 'पाडलेली'. आपण करणार ते 'ओतीव'. हा फरक डोक्यात ठेवा, कारण डायने येते ती धार ओतीव कामात येत नाही आणि ती यावी म्हणून जीव काढायचा पण नाही.

१) आधी ठरवा, कॉइन कुठल्या डब्यात जाणार

हे सगळ्यात आधी ठरवायचं असतं आणि सगळे सगळ्यात शेवटी ठरवतात. मी पहिली आठ कॉइन्स ४० मिलिमीटरची ओतली, मस्त दणकट झाली, आणि मग कळलं की मला जायचंय तो डबा म्हणजे फोटोच्या जुन्या रोलची डबी आहे, तिच्यात चाळीसचं कॉइन बापजन्मात मावत नाही. छोट्या डब्यांसाठी २५ ते २८ मिलिमीटर करा, मोठ्यांसाठी ३८ ते ४०. जाडी ३ मिलिमीटर.

धातू किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे. ३८ मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडी म्हणजे साधारण ३.४ घनसेंटिमीटर, कथलाची घनता ७.३, म्हणजे एक कॉइन २५ ग्रॅमचं. रनरमध्ये (धातू साच्यात उतरतो ती वाट) अडकणारं धरून वितळवताना ४५-५० ग्रॅम घ्या, रनरचं कापलेलं परत वितळवता येतं त्यामुळे वाया काही जात नाही.

२) धातू: कथील, दुसरं काही नाही

कथील २३२ अंशाला वितळतं. म्हणजे घरातल्या गॅसवर, लोखंडी पळीत. जस्ताला ४२०, ॲल्युमिनियमला ६६०, पितळेला ९०० च्या वर लागतं, आणि पितळ तापलं की त्यातल्या जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. पितळेचंच पाहिजे असेल तर ओताऱ्याकडे जा, घरी नको.

कथील मिळतं कुठे? भांड्यांच्या जुन्या दुकानात 'कल्हईचं कथील' म्हणून विचारा. मी पोवई नाक्यापासून मोती चौकापर्यंत चालत विचारत गेलो होतो, अर्ध्या दुकानदारांनी "आता कोण कल्हई करतंय" म्हणून वाटेला लावलं, शेवटी एका म्हाताऱ्या कल्हईवाल्यानेच पत्ता दिला आणि वर एक परीक्षा शिकवली. कथलाची काडी कानाजवळ धरून वाकवायची. शुद्ध कथील असेल तर करकर, करकर असा आवाज येतो, कोरडी फांदी आत तडकल्यासारखा. तो म्हणाला, "कथील रडतंय बघा." शिसं वाकवलं की गप्प वाकतं. त्याच्याकडचं शिसं त्याने कागदावर ओढून दाखवलं, पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली.

दुसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली बिनशिशाची सोल्डरची कांडी. त्यावर कथील ९९.३ आणि तांबं ०.७ असं लिहिलेलं असतं, ती २२७ अंशाला वितळते आणि शुद्ध कथलापेक्षा थोडी कडक पडते, मी आता हीच वापरतो. कांडीच घ्या, रिळावरची तार नको, तिच्या पोटात फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून भरलेलं राळेसारखं रसायन) असतं आणि ते सगळं धूर होऊन डोळ्यात जातं. आणि ६०/४० किंवा ६३/३७ लिहिलेलं असेल तर ते शिशाचं आहे, स्वस्त मिळतं म्हणून उचलू नका.

शिशाबद्दल एकदाच सांगतो आणि गप्प बसतो. जुनी बॅटरी, मासे धरायच्या जाळ्याची वजनं, गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगला लावतात ते तुकडे, हे सगळं भंगारवाला "कथीलच आहे की ओ" म्हणून देईल. घेऊ नका. डबा लहान पोरं उघडतात, कॉइन हातात घेतात, तोंडात पण घालतात.

३) सामान

एकदाच जमवा:
- फोडणीची लोखंडी पळी, नवीन. एकदा धातू वितळवला की ती स्वयंपाकघरात परत जात नाही, घरात आधीच सांगून ठेवा. ॲल्युमिनियमची नको, जस्त चढवलेल्या पत्र्याची तर अजिबात नको.
- छोटा गॅस किंवा हॉटप्लेट, गच्चीत नाहीतर परड्यात. बंद खोलीत नाही.
- वेल्डिंगचे चामडी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, बंद बूट, सुती कपडे. नायलॉनच्या टी-शर्टवर थेंब पडला तर कापड कातडीला चिकटतं. चप्पल घालून ओतणाऱ्याला मी माझ्या गच्चीत उभा करत नाही.
- ट्रेमध्ये कोरडी वाळू, सगळं काम तिच्यावर. आग विझवायला पण वाळूच, पाण्याची बादली जवळ ठेवायची नाही.
- के टाइप थर्मोकपल (धातूत बुडवून तापमान मोजायची तार) असलेला मीटर.
- उष्णता सहन करणारं सिलिकॉन रबर, शंखजिऱ्याची पावडर, किचनचा डिजिटल काटा, कानस, पॉलिश पेपर, ३ मिलिमीटरचे अक्षर-पंच (हातोडीने ठोकून अक्षर उमटवायचे ठसे).

थर्मोकपलवर जरा बोलतो. मी आधी बंदुकीसारखा लेझरवाला थर्मामीटर घेतला, एकदम हौसेने. पळीत कथील पाण्यासारखं डुलतंय, चकाकतंय, आणि बंदूक दाखवतेय १४० अंश. अरे बाबा, २३२ च्या खाली हे वितळूच शकत नाही ना? मग लक्षात आलं की चकचकीत धातूवर ही बंदूक फसते, ती येणारी उष्णतेची किरणं मोजते आणि आरशासारखा पृष्ठभाग ती कमीच सोडतो. तिच्यावर विश्वास ठेवून मी आच वाढवत बसलो असतो. त्यापेक्षा लाकडाची काडी बरी, आगपेटीच्या काडीची मागची बाजू धातूत बुडवा, हळूहळू तपकिरी झाली तर ओतायला तयार, बुडवताक्षणी काळी पडून धूर आला तर जास्त तापलंय, गॅस बंद करून थांबा.

४) मास्टर, म्हणजे मूळ नमुना

मास्टर कसा बनवायचा? नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्या दुकानात लेझर कटिंग होतं. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची चकती कापून घ्या, तिच्यावर १ मिलिमीटर ॲक्रिलिकची कापलेली अक्षरं आणि चित्र चिकटवा. हाताने करायचं असेल तर एम-सीलची चकती करून वाळल्यावर कोरा, ती पण छान होते.

माझ्या कॉइनवर अजिंक्यताऱ्याची सपाट माथ्याची आकृती आहे, खाली 'सातारा', आणि कडेला ७४°, कारण साताऱ्याचं रेखांश जवळजवळ बरोबर ७४ येतं, असा गोल आकडा सगळ्या गावांच्या नशिबात नसतो. पहिल्या मास्टरमध्ये मी किल्ल्यावरचा टॉवर पण घातला होता, अर्ध्या मिलिमीटरची उभी रेघ. बारा वेळा ओतलं, एकदाही तो टॉवर पूर्ण भरला नाही, कधी बुंधा यायचा कधी मधेच तुटलेला, शेवटी कंटाळून टॉवर पाडला. तेव्हा नियम असा धरा की १ मिलिमीटरपेक्षा बारीक काही ठेवायचं नाही.

देवनागरी अक्षरांचा एक फायदा आहे बघा. शिरोरेषेमुळे सगळी अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे धातू एका अक्षरातून दुसऱ्यात धावतो. पण अनुस्वाराचा टिंब सुटा असतो, त्याच्या खळग्यात हवा अडकते आणि टिंब येतच नाही, 'सांगली'चं 'सागली' होतं (माझ्या सांगलीच्या मेव्हण्यासाठी केलेलं कॉइन, तो अजून विसरला नाहीये). अनुस्वार शिरोरेषेला थोडा टेकवा किंवा मोठा करा. 'क्ष', 'ष्ट' असली भरगच्च जोडाक्षरं लहान कॉइनवर टाळा. जुनी शिवराई बघा, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची कडा, बास. जाड अक्षरं, थोडके शब्द. एवढ्याशा नाण्यावर कसं लिहावं ते तिच्याकडून शिकावं.

आता शिवराईवरून आठवलं, हुबेहूब शिवराई करायचा मोह होईल, करू नका. दहा हातातून फिरून ती कुणीतरी जुनी म्हणून विकणार. चालू नाण्यासारखं दिसणारं तर काहीच नको, ते सरळ गुन्ह्यात जातं. चिल्लर वितळवायची पण नाही, नाणी वितळवायला २०११ च्या नाणे कायद्यात बंदी आहे. सिंहमुद्रा वापरायलाही २००५ चा वेगळा कायदा आडवा येतो. जिओकॅशिंगचा अधिकृत लोगो आणि त्यांचं बेडकाचं बोधचिन्ह पण परवानगीशिवाय नाही.

आणि हो, मास्टर सरळ अक्षरात करायचा. मास्टर सरळ, साचा उलटा, कॉइन परत सरळ. साच्यातच थेट कोरत असाल तर मात्र उलटं कोरायचं. मी एकदा समुद्रफेसात (काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, माकुळ माशाचं ते हाड, सोनार लोक ओतायला वापरतात, नखाने कोरलं जातं इतकं मऊ) दोन तास बसून प्रेमाने 'सातारा' सरळ कोरलं. कॉइन आरशात धरून वाचावं लागतं. ते अजून देवघराच्या फळीवर आहे.

५) साचा

नवीन माणसाने सिलिकॉनच घ्यावं. महाग वाटतं पण एका साच्यात पन्नास-साठ कॉइन्स आरामात निघतात. पाकिटावर किमान २८० ते ३०० अंश सहन होतात असं लिहिलेलं पाहिजे, रेझिनच्या शोपीससाठी मिळतं ते साधं सिलिकॉन नको. दोन अर्ध्यांना मिळून ३०० ते ४०० ग्रॅम पुरतं.

मागची बाजू सपाट ठेवा, पहिल्या वेळी दोन्ही बाजूंना चित्र करायच्या भानगडीत पडू नका. काचेवर मास्टर पालथा नको, उताणा चिकटवा, म्हणजे चित्र वर, आणि भोवती पुठ्ठ्याची चौकट गरम ग्लूने बंद करा. सिलिकॉन आणि हार्डनर काट्यावर वजन करून मिसळा, अंदाजपंचे नाही, इथे चुकलात तर आठवडाभर चिकट राहतं. आधी ब्रशने अक्षरांवर पातळ थर लावा, मग उरलेलं एका कोपऱ्यात बारीक धारेने उंचावरून ओता, धारेत बुडबुडे फुटतात. दुसरा अर्धा म्हणजे नुसती सपाट लादी, ती पण काचेवरच ओतायची म्हणजे कॉइनची पाठ गुळगुळीत येते.

पोरांची शाळेतली क्ले चौकटीला वापरणार असाल तर सांभाळून, काही क्लेमध्ये गंधक असतं आणि प्लॅटिनमवालं सिलिकॉन त्याला लागलं की वाळतच नाही.

दोन-तीन दिवस साचा तसाच राहू द्या. मग ब्लेडने चित्र असलेल्या अर्ध्या साच्यात रनर कापा: वर नरसाळ्यासारखं तोंड, खाली कॉइनच्या कडेला लागताना ८-१० मिलिमीटर रुंद. नरसाळं कॉइनच्या वर ३-४ सेंटिमीटर उंच पाहिजे, कारण त्या वरच्या धातूच्या वजनानेच खालची अक्षरं भरतात. कॉइनच्या वरच्या खांद्यांपासून साच्याच्या वरच्या कडेपर्यंत सुईने ओरखडल्यासारख्या दोन-तीन बारीक वाटा काढा, हवा जायला. बहुतेक 'अर्धवट कॉइन'ची तक्रार या वाटा नसल्यामुळेच असते.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा स्वस्त पडतो पण एकाच गोष्टीमुळे मी नव्या माणसाला नको म्हणतो, ओल. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि वरती तर तुमचा वितळलेला धातू बसलाय. श्रावणात मी प्लास्टरचा साचा केला, दोन दिवस ऊन दाखवलं (साताऱ्यातलं श्रावणातलं ऊन, म्हणजे काय ते समजा), हाताला कोरडा ठणठणीत लागत होता. ओतलं, एक सेकंद काही नाही, मग आतून गुडगुड असा हुक्क्यासारखा आवाज आला आणि फट् करून सगळं कथील वर उडालं. एक थेंब मनगटावर, हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीत बरोबर. बाकीचं तुळशीवृंदावनावर, तिथे चांदीच्या टिकल्या अजून चिकटलेल्या आहेत. करायचंच असेल तर साचा ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशाला तासन् तास ठेवा आणि दर दोन तासांनी काट्यावर वजन करा, वजन उतरायचं थांबलं की समजा आतलं पाणी गेलं. हात लावून काही कळत नाही.

म्हणूनच मी जून ते सप्टेंबर मास्टर बनवतो, साचे बनवतो, ओतत मात्र नाही. दिवाळीनंतर ओतायला घ्यायचं.

६) ओतायचा दिवस

साच्याच्या आत शंखजिऱ्याची पावडर ब्रशने फिरवा आणि जास्तीची झटकून टाका, ती असली की धातू बारीक जागेत सरकतो. बेबी पावडर वापरत असाल तर डब्यावर टाल्क लिहिलंय का बघा, आता बऱ्याच कंपन्या मक्याचा स्टार्च घालतात, तो जळून काळा डाग पडतो.

दोन अर्ध्यांना बाहेरून प्लायचे तुकडे लावा आणि रबरबँडने बांधा. घट्ट आवळायचं नाही, सिलिकॉन दबतं आणि कॉइन मधे पातळ होतं. साचा वाळूत उभा करा.

कथील पळीत वितळवा. नंतर भर घालायची असेल तर गार तुकडा सरळ आत टाकू नका, आधी पळीच्या काठावर गरम होऊ द्या, त्याच्यावर दवाचा थेंब असला तरी उडतं. वर दुधावर येते तशी साय येते, ती चमच्याने बाजूला करा, चमचा पण आधी तापवलेला पाहिजे. खालचं आरशासारखं दिसलं, तुमचा गॉगल त्यात दिसला, २६० ते २८० च्या मधे आकडा आला, की ओता. न थांबता एका धारेत, नरसाळं काठोकाठ. मधे हात थांबला तर कॉइनवर घडी पडल्यासारखी रेघ येते.

पहिली दोन-तीन कॉइन्स वाईटच येणार, साचा गार असतो. ती परत पळीत टाका. चौथ्यापासून चेहरा दिसायला लागतो. पृष्ठभागावर सुरकुत्या म्हणजे साचा किंवा धातू गार, कॉइन दाणेदार मळकट दिसतंय म्हणजे साचा जास्त तापलाय, दहा मिनिटं चहा घ्या.

नरसाळ्याकडे बघत राहा. आधी आरसा, मग एकदम वरून धुकं धरल्यासारखं होतं, मग मधे खळगा पडतो. तो खळगा पडला म्हणजे बरं झालं, आकसताना कॉइनने वरून धातू ओढून घेतला. तरी तीन-चार मिनिटं हात लावू नका, सिलिकॉन उष्णता लवकर सोडत नाही. एकदा माझ्या पुतण्याने घाईने साचा उघडला तर अर्धं कॉइन लोण्यासारखं बाहेर लोंबलं.

७) कानस आणि पॉलिश

रनर हॅक्सॉने कापा. कानशीवर आधी शाळेचा खडू घासा, नाहीतर कथील दातांमध्ये भरतं आणि कानस गुळगुळीत होते. मग पॉलिश पेपर ४००, ८००, १२०० पाण्यात भिजवून, शेवटी ब्रासो. खोलगट भागात काळा ॲक्रिलिक रंग भरून वरचा लगेच पुसून घेतला की अक्षरं उठून दिसतात. कानशीचा चुरा बेसिनमध्ये धुवून टाकू नका, गोळा करून पुढच्या वेळी वितळवा.

८) नंबर, आणि खेळात सोडणं

इथे बरेच जण गोंधळतात. तुम्ही घरी ओतलेल्या कॉइनला आपोआप ट्रॅकिंग नंबर (कॉइन कुठे कुठे फिरलं ते बघायचा नंबर) मिळत नाही, मनाने सहा अक्षरं पंच केली म्हणून ते जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर दिसणार नाही. नंबर विकत घ्यावे लागतात. एक-दोन कॉइन्ससाठी सोपा उपाय म्हणजे ट्रॅव्हल बगचा टॅग (नंबर छापलेली छोटी धातूची पट्टी) घ्यायचा, कॉइनला ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि साखळीने जोडायचं. टॅगवरचा नंबर कुठेही फोटोत दिसू देऊ नका, तो ज्याच्या हातात वस्तू आहे त्यानेच टाकायचा असतो. टीबी अक्षरांनी सुरू होणारा दुसरा नंबर वेबसाइटवर दिसतो, तो दाखवायला हरकत नाही.

टॅग नको असेल तरी काही बिघडत नाही, बिननंबराचं कॉइन म्हणजे तुमची सही. ज्याला मिळेल तो ठेवून घेतो, रुसायचं नाही. मागे तुमचं खेळातलं नाव आणि अनुक्रम पंच करा, पण कॉइन लाकडावर ठेवून पंच मारला की दुसऱ्या बाजूला फुगवटा येतो, खाली जुनं चामडं आणि त्याखाली लोखंड ठेवा.

आणि डबा नवीन ठेवणार असाल तर किल्ल्याच्या बुरुजात, तटाच्या फटीत कोंबू नका. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, प्रतापगड २०२५ मध्ये त्यात आला, तिथे खड्डा खणणं सोडाच, दगड हलवणं पण नको. जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरणं खेळाच्या नियमातच बसत नाही, आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं.

कॉइन डब्यात टाकताना छोट्या झिपच्या पिशवीत घाला. कथील गंजत नाही, पण आपल्याकडच्या पावसात डब्यात पाणी शिरलं की वहीची शाई विरघळून कॉइनवर निळे डाग पडतात, आणि ते ब्रासोनेसुद्धा जात नाहीत, करून बघितलंय.